पायाला कळतं तिथवर

बॅप्टिस्टला जाऊन चार महिने झाले आणि त्याच्या पोरानं बावखलात खणायचं मशीन घालायचं ठरवलं. तिथून माझी झोप उडाली.

बावखल म्हणजे काय, ते वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. केळी-पानांच्या वाड्यांच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. कठडा नाय, पायऱ्या नाय, उतरत उतरत पाण्यात जायचं. समुद्र इथून चालत वीस मिनिटांवर, तरी बावखलातलं पाणी शहाळ्यासारखं. आमच्या आळीतल्या एकोणीस घरांची केळी, पानवेली, भाजी, सगळं या एका बावखलावर. बारा घरं ख्रिस्ती, सात आमची. पाण्याला त्यातलं काय ठाऊक नाय.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा, घरटी एक माणूस. नेम जुना, पण मध्ये मोडला होता. पोरांना नोकऱ्या लागल्या, घरात नळ आले, मग चिखलात उतरतो कोण? बॅप्टिस्टनं तो नेम परत लावला. सभा नाय, भाषण नाय. एका सकाळी फावडं घेऊन एकटाच उतरला. तीन दिवस एकटा. चौथ्या दिवशी मला लाज वाटली आणि मी उतरलो.

मला बघून म्हणाला, "आलास? मला वाटलं, तुझ्या ओट्यावरून मी दिसत नसेन."

तीन दिवस मी ओट्यावर चहा पीत त्यालाच बघत होतो. त्याला ठाऊक होतं.

असा माणूस. बायको इझाबेल शाळेत बाई, सकाळी सातला घर सोडायची. मग हा वाडीला पाणी लावून यायचा, भात टाकायचा, कालवण करायचा, पोरीच्या वेण्या घालायचा. एक वेणी वर, एक खाली. आम्ही हसायचो. म्हणायचा, "हसा. मला कालवण तरी जमतं, तुम्हाला नुसतं हसणं जमतं." कोणाचा दाखला अडला, बॅप्टिस्टची सायकल तहसीलदार कचेरीला. कोणाच्या घरी मयत झालं, खांदा द्यायला बॅप्टिस्ट पुढे. माझी आई गेली तेव्हा स्मशानापर्यंत अनवाणी आला, आणि तेरा दिवस आमच्या गुरांचा चारा त्यानंच कापला. सांगितलं कोणी होतं? कोणी नाय.

गाळ काढताना सगळी एकोणीस माणसं रांगेत उभी, हातोहात घमेलं वर चढायचं. बॅप्टिस्ट सगळ्यात खाली, तळाला, अनवाणी. गमबूट दिले तर फेकून द्यायचा. काळा गाळ फावड्यानं काढायचा आणि मध्येच थांबून टाचेनं जमीन दाबायचा. गाळ संपून खाली गुळगुळीत करडी चिकणमाती लागली की हात वर करायचा. "बस. इथं संपलं." त्याच्या पुढे एक फावडं मारू द्यायचा नाय. मग त्याच्याकडून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. बोंबील आदल्या दिवशी स्वतः पाचूबंदरला जाऊन आणायचा, आणि गाळ ज्याच्या त्याच्या केळींना.

तर त्याचा पोरगा जेन्सन. पोरगा चांगला आहे, उगाच नाय बोलणार. अंधेरीला ऑफिसात मोठ्या जागेवर. एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर बावखलाच्या काठी सगळ्यांना गोळा केलं.

"यंदा गाळ पप्पांच्या नावानं. मशीन सांगितलंय, पुढच्या शनिवारी येईल. एका दिवसात काम. आणि करतोच आहोत तर पाच फूट आणखी खोल घेऊ. पाणी वाढेल, पप्पांची आठवण कायमची राहील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला घाम येत नाय.

मी म्हटलं, "खोल नको रे."

"का, काका?"

आणि माझी जीभ टाळूला चिकटली. त्या 'का'चं उत्तर मी बावीस वर्षं पोटात घालून बसलो होतो.

माझ्या वाडीत माझं स्वतःचं छोटं बावखल होतं. म्हणजे आहे अजून, पण त्याचा उपयोग नाय. तेव्हा माझी पानवेल जोरात होती, पाणी कमी पडायचं. मला वाटलं, मशीन लावावं, खोल घ्यावं. बॅप्टिस्टला बोललो तर भडकला. "हिरू, तळ फोडू नको. गोडं पाणी वर, खारं खाली. मध्ये त्या करड्या मातीचा पडदा आहे. फाटला तर शिवता येत नाय."

मी ऐकलं नाय. तो घरच्यांना घेऊन वेलंकनीच्या यात्रेला गेला, तेवढ्यात मी डाव साधला. मशीननं दोन तासांत आठ फूट खणलं. पाणी असं भसाभसा आलं की मी ड्रायव्हरला नारळ फोडायला लावला. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पंधरा दिवसांत वेल मेली. मी गावभर सांगितलं, रोग पडला.

बॅप्टिस्ट आला, वाडीत शिरला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला. मला वाटलं, आता शिव्या. तो गप्प निघून गेला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर पाइपाचं वेटोळं घेऊन हजर.

"मोठ्या बावखलातून तुझ्या वाडीला लाइन टाकू. लोकांना सांग, तुझ्याकडचा पंप बिघडलाय."

"आणि तू काय सांगशील?"

"मी पण तेच. मला पंपातलं काय कळतं?"

दोन वर्षं माझा पंप बिघडलेला. लोक विचारायचे, "हिरामण, पंप अजून आयसीयूत का?" बॅप्टिस्ट गंभीर तोंड करून म्हणायचा, "पार्ट मिळत नाय बिचाऱ्याला." शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. माझ्या बायकोशिवाय, सुशीलाशिवाय, कोणाला कळलं नाय. त्यानं मरेपर्यंत शब्द काढला नाय.

आता कळलं, माझी जीभ का चिकटली?

त्या आठवड्यात मी जेन्सनकडे तीन वेळा गेलो. पहिल्यांदा म्हटलं, मासे मरतील. तो म्हणाला, ड्रमात काढून ठेवू. दुसऱ्यांदा म्हटलं, काठ ढासळेल. तो म्हणाला, दगड लावून घेऊ. तिसऱ्यांदा म्हटलं, मशीनच्या आवाजानं म्हशी दूध चोरतील. तो हसला. म्हणाला, "काका, तुम्हाला पप्पांची आठवण येते ना? मला पण येते."

घरी आलो. सुशीला भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय सांगून आलात? आज म्हशी, उद्या बेडूक?"

"सांगतोय ना त्याला."

"काय सांगताय? खरं सोडून सगळं सांगताय. अहो, त्यांनी तुमच्यासाठी तोंड बंद ठेवलं. बावखलासाठी नाय ठेवलं."

मी तिच्यावर ओरडलो. मग जेवलो नाय. पण तिचं बोलणं पोटात बसलं ते बसलं.

शनिवारी सकाळी आठला मशीन आळीच्या तोंडाशी आलं. काठावर पंधरावीस माणसं. इझाबेल वहिनी खुर्चीवर, काळ्या कपड्यांत. मी माझ्या वाडीत गेलो, मेलेल्या बावखलातून तांब्या भरला आणि आलो. चप्पल काठावर काढली, उतारावरून खाली गेलो आणि तळाला, बॅप्टिस्ट उभा राहायचा तिथं, पोटरीभर गाळात उभा राहिलो.

ड्रायव्हर ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा, बकेट लागेल!"

"जेन्सन," मी म्हटलं, "खाली ये."

"काका, प्लीज. लोक थांबलेत."

"थांबू दे. तुझा बाप तीन दिवस एकटा थांबला होता इथं. ये."

बूट काढून, पँट वर करून आला. तांब्या त्याच्या हातात दिला. "एक घोट घे. गिळू नको."

त्यानं घेतला आणि तोंड वाकडं करून थुंकला. "खारट आहे! समुद्राचं आणलंत?"

"माझ्या वाडीतलं आहे." आता मागे फिरायचं नव्हतं. मी वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "बावीस वर्षांपूर्वी मशीन लावून मी माझ्या बावखलाचा तळ फोडला. रोग-बिग काय पडला नव्हता. पंप कधीच बिघडला नव्हता. बॅप्टिस्टनं माझी लाज झाकली आणि तुमच्या वाटचं पाणी मला पाजलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या, मी इथंच उभा आहे. पण हे मशीन खाली आलं तर पुढच्या वर्षी एकोणीस घरांत एकेक असा तांब्या असेल."

मशीन नुसतं घरघरत होतं.

मग इझाबेल वहिनी खुर्चीतून म्हणाली, "हिरामण भाऊ, पंप दोन वर्षं बिघडतो का कधी? मी शाळेत शिकवायचे, शाळेत बसून झोपायचे नाय."

काठावर पहिल्यांदा हसू आलं. माझ्या डोळ्यांत काय आलं ते मी चिखलाच्या हातानं पुसलं आणि तोंड आणखी काळं केलं.

जेन्सन तांब्याकडे बघत होता. "पप्पांनी मला कधीच सांगितलं नाय."

"तुला खाली उतरवलं नाय, हीच त्याची चूक. त्याला वाटायचं, पोरगं शिकतंय, त्याचे पाय कशाला घाण करा."

त्यानं ड्रायव्हरकडे बघून हात हलवला. "परत न्या."

"मग गाळ?" वरून कोणीतरी विचारलं. "एका दिवसात कसा निघेल?"

"नाय निघणार," जेन्सन म्हणाला. "चार रविवार लागतील. मी चारही येणार."

पहिल्या रविवारी सहाच माणसं उतरली. बाकीच्यांना कामं होती, कंबरदुखी होती, कोणाच्या कानात मी सांगितलेलं अजून फिरत होतं. दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे, त्यांचा हक्क आहे. पण मी दुसऱ्या रविवारी साडेसहाला त्यांच्याच दारात फावडं घेऊन उभा. "बोलू नको माझ्याशी. घमेलं उचल फक्त." एक आला. दुसऱ्यानं दार लावलं. तिसऱ्या रविवारी परत जाऊन उभा राहिलो, तेव्हा दार त्यानं लावलं, पण बायकोला पाठवलं. रांगेत चौदा माणसं झाली. चटणी इझाबेल वहिनीनं केली, बोंबील मी आणले. तिखट जरा जास्त पडलं, पण कोण बोलतो?

चौथ्या रविवारी दुपारी तळाला मी आणि जेन्सन. तो फावडं मारत होता, मध्ये थांबला, टाच दाबली.

"काका, इथं?"

मी पाय ठेवला. "अजून दोन बोटं. हे मऊ आहे, गाळाचं आहे. करडी माती लागेल तेव्हा पाय सरकेल."

त्यानं हलक्या हातानं दोन-तीन फावडी काढली. परत टाच दाबली. पाय सरकला, पडता पडता त्यानं माझा खांदा धरला. खाली बघितलं. करडी माती, ओली, गुळगुळीत, आणि तिच्यात त्याच्या टाचेचा खड्डा. त्या खड्ड्यात बाजूनं हळूहळू पाणी जमत होतं. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं.

या वेळी तोंड वाकडं झालं नाय.

त्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि रांगेकडे बघून हात वर केला.

"बस," जेन्सन म्हणाला. "इथं संपलं."