आवरणाऱ्या नसेच्या टोकावरून

या, बसा निवांत. मी एका म्हाताऱ्याच्या काळजातून बोलतोय. साध्या भिंगाखालीही मी सापडायचा नाही, पण माझ्या गादीला मोल आहे. मला रिसेप्टर म्हणतात. मज्जातंतूच्या टोकावर बसायचं आणि ठरलेला निरोप आला की ठरलेलं काम करायचं, हा माझा धंदा.

काळजाला दोन नसा येतात. एक दामटणारी, ती म्हणते "पळ". दुसरी आवरणारी, ती म्हणते "अरे, दमानं घे". मी बसतो आवरणारीच्या टोकावर आणि गंमत बघा, हुकूम मात्र पाळतो दामटणारीचा. संकट मोठं असलं की ती आपल्या झटपट निरोपासोबत एक जड पुडकंही सोडते. त्याला न्यूरोपेप्टाइड म्हणतात. ते सावकाश येतं, माझ्या खोबणीत बसतं आणि लवकर उठत नाही; चिवट पाहुणाच तो. तो बसला की मी आवरणारीचं तोंड दाबतो, "थांब बाई, आत्ता नको बोलूस."

कुत्रं मागे लागलेल्याला "सावकाश" म्हणू नये, एवढं तर व्यवहारज्ञान कुणालाही असतं. कुत्रं गेलं की पुडकी येणं थांबतं आणि मी हात काढून घेतो. चोख कारभार.

आम्ही फार टिकत नाही. पेशी जुन्याला आत ओढते, त्याच जागी नवा बसवते. म्हणून सांगतोय त्यातलं बरंचसं या गादीवरच्या आधीच्यांकडून आलेलं.

आमचे मालक बटणांचे दुकानदार. बाजार त्यांना बटणशेठ म्हणतो. शेठ आणि त्यांच्या बाई, दोघं मिळून दुकान चालवायची, आणि विकायची त्यांची एक तऱ्हा होती. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की शेठ कपाळाला हात लावायचे, "नाही परवडत!"

आतून बाई म्हणायच्या, "द्या हो! किती ताणाल?"

"अगं, दुकान विकू का?"

"विका. निदान वेळेवर जेवायला तरी याल."

गिऱ्हाईक हसायचं, बाईंच्या बाजूचं व्हायचं आणि दोघांनी आधीच ठरवलेल्या भावात खुशीनं बटणं घेऊन जायचं. एखादं फारच चिकट निघालं तर बाईंचं ठेवणीतलं अस्त्र बाहेर यायचं. गल्ल्याला टेकून, छातीवर हात ठेवून त्या म्हणायच्या, "बसू द्या बाई मला, चक्कर येतेय तुमच्या हट्टानं." त्यावर शेठचं ठरलेलं उत्तर, "खुर्ची परवडत नाही!" हशा पिकायचा, माल खपायचा.

तोंडानं शेठ एवढे गरजायचे, पण आत आवरणारी नस खुशाल गप्पा मारत असायची. मला काम म्हणून नसे.

एका दुपारी शिंपीणबाई कोटाला बटणं जुळवत होत्या. बाई गल्ल्याला टेकल्या. छातीवर हात. "अहो, बसू द्या मला."

शेठनी शिंपीणबाईंकडे बघून डोळा मिचकावला. "खुर्ची परवडत नाही!"

शिंपीणबाई हसल्या. बाईही थोडं हसल्या. मग जमिनीवरच बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

तेव्हापासून दामटणारी थांबलीच नाही. पुडक्यांवर पुडकी. कुत्रं कुठे होतं? कुठेच नाही. एक वाक्य होतं फक्त, तोंडातून गेलेलं, परत घेता न येणारं. शेठनी मऊ गादीची एक खुर्ची आणून गल्ल्यापाशी ठेवली. तिच्यात ते कुणाला बसू देत नाहीत, स्वतःही बसत नाहीत.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले? जिवाला आराम द्या," मुलगी सांगायची.

"अगं, मी काय पळतोय का?"

पळतच होते बिचारे, जागच्या जागी. आवरणारी मला विनवायची, "एकदा तरी बोलू दे रे." पण खोबणीत पुडकं, माझा हात निघेना. काळीज धापा टाकत झिजत गेलं. नेकीनं काम करून मालकाला बुडवणारा नोकर तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी.

काल एक गिऱ्हाईक भावावर अडलं. सवयीनं शेठच्या तोंडून निघालं, "नाही परवडत." आणि त्यांची मान आतल्या दाराकडे वळली. दार गप्प. गिऱ्हाईकही गोंधळून गप्प. मुलगी डबे लावत होती. तिचे हात थांबले.

"द्या हो, बाबा. किती ताणाल?"

शेठ तिच्याकडे वळले. "अगं... दुकान विकू का?"

"विका. पण आधी बसा." तिनं ती खुर्ची ओढली आणि खांद्याला धरून त्यांना तिच्यात बसवलं.

"तिला म्हणालो गं मी... खुर्ची..."

"माहितीये, बाबा, शिंपीणबाईंनी सांगितलं. आईपण हसली होती ना?"

म्हातारा लहान मुलासारखा रडला. रडता रडता दामटणारीचा जोर ओसरला. नवं पुडकं आलं नाही, जुनं सुटलं, आणि कितीतरी काळानंतर माझा हात निघाला. आवरणारी म्हणाली, "दमानं घे." काळजानं ऐकलं. पण ते आता फार थकलंय. उशीर झाला का, ते मला सांगता येत नाही.

मला पेशी आत ओढतेय. माझ्या जागी नवा येईल, माझ्याइतकाच आज्ञाधारक. त्याला शहाणपण शिकवून उपयोग नाही; पुडकं आलं की तो तोंड दाबणारच. म्हणून सांगणं तुम्हाला. कधी बटणं घ्यायला गेलात आणि म्हातारा "नाही परवडत" म्हणून आतल्या दाराकडे बघत राहिला, मुलगीही जवळ नसली, तर गप्प राहू नका. तुम्हीच म्हणा, "द्या हो."