मुरलेलं पाणी

स्पंज पांढरा होता, इतका पांढरा की त्याने तो बोटांत दाबून पाहिला, नाकाशी नेला... लिंबाच्या साबणाचा वास. सहा वर्षं अण्णांच्या – त्याच्या वडिलांच्या – काचेच्या टाकीत राहून हा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. पाण्यातली घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातच राहतात, असं अण्णा आल्यागेल्याला धरून सांगायचे. पाणी ओतायला दोन मिनिटं लागतात, ते मुरायला सहा आठवडे. आणि ताईने – तीन आठवड्यांपूर्वी, अण्णांना जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच – त्यांची खोली धुतली, पडदे धुतले, टाकी घासली, स्पंज साबणाने पिळून उन्हात वाळत घातला. मुरलेलं सगळं पाणी मोरीत.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर रजा टाकून तो या घरी आला तेव्हापासून, म्हणजे तीन दिवस, ती मस्तकातच होती. स्पंज हे नुसतं निमित्त.

तरी हात नेटका चालत होता. कवळ्या बनवण्यात वीस वर्षं गेलेला हात. मेणात केसभर चूक झाली तरी त्याला कळते. खडे पाच पाण्यांनी धुऊन त्याने एका बाजूला उंच रचले, वर सपाट दगड असा बसवला की त्याची पाठ पाण्याबाहेर राहावी – न्यूटना, बेडकांच्या नात्यातल्या त्या शेपटीवाल्या प्राण्यांना, पोहून कंटाळा आला की चढून बसायला जागा लागते. कालपासून उघड्या बादल्यांत ठेवलेलं पाणी तो तळाशी ठेवलेल्या बशीवर हळूहळू ओतत होता, म्हणजे खडे उधळत नाहीत. हे सगळं अण्णांनी फोनवर सांगितलेलं. फोनवर ते आजाराबद्दल कधी बोलले नाहीत, न्यूटबद्दल तासन्‌तास बोलले.

दोन्ही न्यूट निळ्या टबात होते. पालीएवढे, पाठ काळी, पोट शेंदरी. धाकटा समोर येईल ते गिळायचा. थोरला, ज्याला अण्णा ‘म्हातारा’ म्हणायचे, त्याने टाकी धुतल्या दिवसापासून, सतरा दिवस, तोंड उघडलं नव्हतं. कमरेची हाडं दिसायला लागली होती.

“पाली गेल्या का नव्या घरी?” ताई दारात उभी होती, हातात ओलं फडकं.

“न्यूट आहेत ते.”

“तेच ते. फ्रीजरमध्ये मटारशेजारी अळ्यांचं पाकीट ठेवून दोन वर्षं संसार केलाय मी, मला नको शिकवूस.”

“स्पंज का धुतलास?”

“घाण झाला होता.”

“तो घाणच असायला हवा होता, ताई. अण्णांनी तुला शंभरदा सांगितलं असेल.”

“अण्णांनी मला काय काय सांगितलं ते तुला कुठून माहीत असणार? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.” आवाज न चढवता एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दोन वर्षांत चार वेळा. चार वेळा आलो मी, आणि दर वेळी काहीतरी घेऊन आलो – हा लांब टोकाचा चिमटा त्यातलाच, माझ्या कामावरचा... आणि ती चादरी धुवत होती, भांडं धुवत होती, अण्णांना धुवत होती. धुणं अंगात भिनलं असेल तर ते चार दिवसांत कसं थांबेल? हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो जास्त चिडला. आणि पाणी कच्चं आहे तोवर, सहा आठवडे, रोज थोडं थोडं बदलावं लागणार होतं, अन् त्याची रजा रविवारी संपत होती.

त्याने दोघांना टाकीत सोडलं. बर्फ वितळलेली अळी चिमट्यात धरून म्हाताऱ्यासमोर नेली. न्यूटला मेलेली अळी दिसत नाही म्हणतात; ती हलवून जिवंत असल्याचं सोंग आणावं लागतं. गेले तीन दिवस तो ती सफाईने नाचवत होता, डावीकडे, उजवीकडे, आणि म्हातारा भिंतीकडे पाहावं तसा पाहत होता. आज ते जमेना. उंट, शेळ्या, लिंबाचा वास – संतापाने बोटं थरथरत होती आणि अळी नुसती जागच्या जागी कापत होती.

म्हाताऱ्याने मान वळवली. एक पाय उचलला, थांबला... आणि लचका तोडावा तशी अळी ओढून घेतली.

शेवटच्या भेटीत अण्णांच्या हातातली कपबशी वाजत होती. ताईने न बोलता ती काढून घेतली होती. दोन वर्षं या म्हाताऱ्याने त्या कापऱ्या हातानेच खाल्लं होतं. ताईचे हात स्थिर, त्याचे स्वतःचेही स्थिर – म्हाताऱ्याला ते परकेच.

“खाल्लं का रे त्याने?” आतून आवाज आला. मघाचा नव्हे, दबका. ती रोज संध्याकाळी अळ्यांची बशी घेऊन टबाशी बसते, त्याने पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

आत नळ सुरू होता, तो बंद झाला. म्हातारा दगडावर चढून गिळत होता, शेंदरी गळा वरखाली होत होता. त्याने दुसरी अळी चिमट्यात धरली, पाण्यात बुडवली. आता सांगता येईल, तो स्वतःशी म्हणाला, अजून सांगता येईल... अळी निश्चल होती. त्याने हात हलवून पाहिला, पण ते थरथरणं आता काही केल्या येईना.