वरच्या थरातली सतरा कवचं

चाळणताईचा स्वभाव मुळातच संशयी. घरातली कात्री जागेवर नसली की ती कुणीतरी उचललेली असायची. आपणच विसरलो असू, हे तिच्या मनाला शिवतसुद्धा नसे. त्या सकाळी मुलीनं टोकलं, "आई, एक मोजा निळा आणि एक करडा घातलायस." तर हिनं उलट तिच्यावरच ठपका ठेवला, कपाट तूच उपसतेस म्हणून, आणि तशीच कामावर गेली.

काम चिखल धुण्याचं. प्रयोगशाळेत खडकाचा चुरा यायचा, कधी समुद्रतळाचा गाळ. तो बारीक चाळणीवर धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि मोहरीहून लहान कवचं ओल्या कुंचल्याच्या टोकानं वेचून काळ्या पट्टीवर मांडायची. बावीस वर्षं हेच. पृथ्वीवरची बहुतेक जीवसृष्टी पाच वेळा संपली, हे डॉक्टरबाई पाहुण्यांना मोठाले तक्ते लावून समजावत. कुणी ज्वालामुखीला दोष देई, कुणी आभाळातून पडलेल्या दगडाला, कुणी म्हणे समुद्रातला प्राणवायूच सरला. चाळणताईला तक्ते लागत नसत. खालच्या थरात कवचांची दाटी, वरच्या थरात चिटपाखरू नाही, आणि मधे बोटभर माती. एवढी नांदती वस्ती बोटभर मातीत उठते म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं झालंय, असं तिचं ठाम मत होतं.

या खेपेला गाळ मात्र आजचा होता, शहराबाहेरच्या खाडीचा. त्या खाडीकाठी तिचं माहेर होतं आणि धाकटा भाऊ अजून तिथं होडी चालवत होता. पलीकडच्या कारखान्याला खाडी बुजवून गोदामं बांधायची होती. परवानगी एकाच गोष्टीवर अडली होती: खाडी मेलेली असेल तर बुजवा, पण गाळाच्या वरच्या थरात जीव असल्याची खूण सापडली तर हात लावायचा नाही. भाऊ तिला म्हणाला होता, "ताई, तुझ्या चाळणीत काहीतरी निघू दे गं. घर उठलं तर आम्ही जायचं कुठं?"

आणि निघालं. वरच्या थरात सतरा कवचं. तिनं तीनदा मोजली, पट्टी डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि भावाला फोनही करून टाकला.

आठवड्यानं अहवालाचा मसुदा तिला छपाईयंत्रात पडलेला दिसला. वरचा थर, कवचं शून्य.

तिच्या मनात पाल चुकचुकली. मग एकेक गोष्ट जुळत गेली. कारखान्याचा तो कडक कॉलरवाला, ज्याला सगळे पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणत, दोनदा येऊन गेला होता. डॉक्टरबाई हल्ली दार लावून बसत. पट्टी नेऊन दिली की "ठेवा तिथं, बघते मी" म्हणत आणि ही बाहेर पडेपर्यंत पट्टीला हात लावत नसत. परवा ही अचानक आत गेली, तर त्यांनी काहीतरी चटकन खणात सारलं होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. जिला पहिल्या दिवशी आपणच चाळणी धरायला शिकवली ती बाई अशी फिरावी, याचा तिला संताप आला, आणि संतापाहून जास्त वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी बघून तिनं तो खण उघडला. आत पाकिटं होती, चांगली तीस-चाळीस. प्रत्येकावर तारीख आणि एक शब्द: बाद. सगळ्यात वरच्या पाकिटात तिची पट्टी होती.

तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक शंका तेवढी फेडून घ्यायची होती. जाळीत आधीच्या नमुन्याचे दाणे अडकून राहतात, म्हणून दर धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगात बुडवायची असते. अडकलेला दाणा निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात निळा दिसला की तो उपरा, मोजायचा नाही. हा नेम तिनं बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. सतरांत एकही निळं नव्हतं. म्हणजे कवचं खाडीचीच.

"ताई?" डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या.

"शून्य कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत, बाई?"

त्यांनी आत येऊन दार लावलं. "बसा जरा."

"बसायचं नाही मला. माझ्या भावाचं घर आहे तिथं. सतरा दिलीत मी तुम्हाला."

"रंग कोणता त्यांचा?"

"पांढरा. तुम्हाला दिसत नाही का?"

डॉक्टरबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. "तुमचे मोजे कोणत्या रंगाचे आहेत, ताई?"

"करडे."

"एक निळा आहे."

चाळणताईनं खाली पाहिलं. सकाळी मुलगीही हेच म्हणाली होती. मुलगी आणि डॉक्टरबाई एकमेकींना कधी भेटलेल्याही नव्हत्या. दोघींनी मिळून कट केला म्हणावं, तर तेही जमत नव्हतं.

"ती सतराही निळी आहेत," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "फिकी, पण निळी. वर्षभर असंच चाललंय. मोतीबिंदू असणार. वर कळलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं, आणि निवृत्तीला दीडच वर्ष उरलंय. म्हणून मी निळी वेचून बाजूला ठेवत गेले."

इतके दिवस ती डॉक्टरबाईंवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होती. पण संशय सहजी सुटणारा नव्हता. "उरलेला गाळ आहे?"

"अर्धा डबा."

"कोरी चाळणी काढा. कधीच न वापरलेली."

तासभर ती धूत आणि शोधत राहिली. डॉक्टरबाई बाजूला उभ्या होत्या. वाळू निघाली, काजळीचे कण निघाले. काळ्या पट्टीवरच्या साठ चौकटी तिनं एकेक करून पाहिल्या. काळ्यावरचं पांढरं तिला अजून लख्ख दिसत होतं. साठही चौकटी रिकाम्या होत्या.

फोन वाजला. भाऊ होता. "कुणी गडबड केली का गं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझीच चूक झाली." आयुष्यात हे वाक्य ती बहुधा पहिल्यांदा बोलत होती.

फोन ठेवून तिनं विचारलं, "खाडी मारली कुणी, ते अहवालात आहे?"

"ते विचारलेलंच नाही, ताई. जिवंत की मेलेली, एवढंच विचारलंय."

"पाच वेळा कशानं संपलं ते शोधण्यात तुमची हयात चाललीय, आणि हिचं कुणी विचारतसुद्धा नाही?"

डॉक्टरबाईंनी उघडा राहिलेला खण आत लोटला.

"या खणातलं सगळं आधी वर कळवा, माझ्या नावानिशी," चाळणताई म्हणाली. तिनं बाह्या पुन्हा वर सारल्या. "आणि खालच्या थरांचे डबे काढा. काजळी कुठून सुरू होते आणि कवचं कुठं थांबतात, ते बघू. पांढरं मी बघते. निळं तुम्ही सांगा."