नटाखालचा निळा रंग

ट्रक का सुरू होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या दिराने त्यात काहीतरी काडी घातली होती.

माझे हे गेल्यापासून ट्रक माझ्या नावावर आणि चालवायला भाऊजी, अशी आमची घडी बसली होती. पण एकदा माझ्याकडे जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, ट्रक विकून टाकू या का?" आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रक सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागला. योगायोग म्हणे! मी काय दूधखुळी आहे?

मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं. भाऊजी आधी इकडेतिकडे बघायचे, सीटखालून चिमटे लावलेली एक जाड काळी वायर काढायचे, ट्रकच्या पोटाशी वाकायचे, की ट्रक मुकाट सुरू! वायर परत सीटखाली. चोरून सुरू करणारा चोरून बंदही पाडणारच. एकदा तर पॉलिशपेपर घेऊन बॅटरीपाशी बसलेले सापडले.

"वहिनी, इथला जरासा रंग..." एवढंच म्हणाले.

"रंगाला हात लावाल तर याद राखा!" मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

तो रंग माझ्या हातचा होता. ह्यांना निळा ट्रक हवा होता, आज करू उद्या करू म्हणत राहूनच गेलं. ते गेल्यावर मीच ब्रश घेऊन बसले. दारं, फळ्या, खाली चॅसीच्या सांगाड्याचं लोखंड, बोट पोचेल तिथे दोन-दोन हात दिले. एक नटसुद्धा सोडला नाही. रडू येत होतं तेवढे दिवस रंगवत होते.

काल मी ती वायर सीटखालून काढून कपाटात टाकली, पुरावा म्हणून. आज सकाळी ट्रक जागचा हलेना. भाऊजी आत आले. "वहिनी, सीटखालची वायर बघितलीत का?"

"बघितली आणि ठेवूनही घेतली. घरभेदी आहात तुम्ही! किल्ली ठेवा आणि चालू लागा."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. मनात पाप असलं की बोलणार काय, असं मी मनाशी म्हटलं.

मग मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो शीळ घालत आला, तेव्हा मला वाटलं, यालाही भाऊजींनी फितवलं तर नसेल? मी स्टूल टाकून शेजारीच बसले. बसल्या बसल्या त्याचे हात बघत राहिले.

त्याने किल्ली फिरवली. टक. नुसतं टक. दिवे मात्र लख्ख.

"बॅटऱ्या झकास आहेत," मीटर लावून तो म्हणाला. मग मीटरची एक तार त्याने बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाला, आणि मला किल्ली फिरवून धरायला सांगितलं. "हा काटा हलायला नको, ताई. हलतोय."

"म्हणजे काय?"

"बॅटरीतून निघालेली वीज इंजिनातून, चॅसीतून परत बॅटरीत यायला हवी. परतीची वाट कुठेतरी अडलीय. दिव्यांना थोडकी पुरते, स्टार्टरला भरपूर लागते. घरात जाड वायर आहे का? आत्ता दाखवतो."

मी नाइलाजाने कपाटातून पुरावा आणला.

"अरे वा!" तो म्हणाला. "ही तर मापाने याच कामासाठी बनवलीय." एक चिमटा बॅटरीला, एक इंजिनाला. किल्ली फिरवताच ट्रक सुरू झाला.

"ते ठीक आहे. वाट कुणी अडवली ते शोधा." माझा हेका सुटत नव्हता.

त्याने इंजिन बंद केलं. बॅटरीची वायर चॅसीला जिथे कसलेली असते, तिथला नट काढला. वायरच्या टोकाखाली निळा, गुळगुळीत रंग होता. दोन हातांचा.

"नट काढून, खाली रंग देऊन परत नट कसलाय! रंगातून वीज जाते का कधी? नटाच्या आट्यांतून जेमतेम जात होती, त्याही हळूहळू गंजल्या. इथे उघडं लोखंड लागतं. कुठल्या शहाण्याने केलं हे?"

"मी," मी म्हणाले.

त्याने तेवढी जागा घासली आणि नट परत कसला. ट्रक आता वायरशिवाय सुरू झाला. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

वायर आणि किल्ली घेऊन मी भाऊजींच्या घरी गेले. त्यांनीच दार उघडलं. आत जाऊबाई परगावी कामाला निघालेल्या भाऊजींची बॅग भरत होत्या.

"सांगितलं का नाहीत?" माफी मागायला गेलेली मी, पण तोंडातून राग आधी निघाला.

"रडत रडत रंगवलंत तुम्ही. तुमच्याच हातून बिघडलं, असं कुठल्या तोंडाने सांगू? तेवढा रंग घासायला गेलो, तर तुम्ही कडाडलात. मग वायरवर भागवत होतो."

"आणि विकायचं म्हणालात ते?"

"दादाच्या सीटवर बसवत नव्हतं."

मी हातातली वायर पुढे धरली. मग तेच म्हणाले, "रंग किती घासावा लागला?"

"नखाएवढा."

"वरून दिसत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं." त्यांनी माझ्या हातातली वायर घेतली, नीट गुंडाळली आणि परत माझ्याच हातात दिली. "नव्या ड्रायव्हरला द्या. कधी अडला तर लागेल."

दुसऱ्या हाताने मी किल्ली पुढे केली होती. "चुकलं माझं, भाऊजी," मी म्हणाले.

"रंगाचं काही नाही हो, वहिनी," ते म्हणाले, आणि किल्ली न घेताच बॅग उचलायला आत गेले.