हरायचं काम

"मार उडी. माझ्याकडं बघू नको, माझ्या खांद्याच्या पलीकडं बघ," सुनंदा खाली पडल्या पडल्या म्हणाली.

भाविका रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबावर चढून उभी होती. दोरी ती सोडत नव्हती. "ताई, लागलं तर?"

"कोणाला?"

"तुला."

"मला नाय लागत. लागू नये म्हणूनच मी हाय हितं. मार."

भाविकाने डोळे मिटून उडी मारली. सुनंदाने तिला कमरेपाशी झेललं, तिचं वजन छातीवरून अलगद बाजूला सरकवलं आणि त्याच वेळी टाच फळीवर आपटली. पत्र्यावरची कबुतरं उडाली एवढा आवाज झाला. भाविका अंग चाचपत उठली. तिला कुठे खरचटलंही नव्हतं.

"आवाज माझ्या टाचेचा," सुनंदा हसली. "लोकांना वाटतं, बरगडी मोडली. चल, परत."

भिसेगावातल्या एका जुन्या गोदामात जितेशने ही जिम काढली होती. पुढे व्यायामाचं सामान आणि मागे फळ्या-फोमची रिंग. कर्जत-खालापूरकडे रिसॉर्ट आणि फार्महाऊस वाढत गेली तसा जितेशने कुस्तीचा शो सुरू केला. कंपन्यांच्या पार्ट्या, हळदी, वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे तो रिंग घेऊन जायचा. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असायचं. भाविका शेलूची, गोरी, उंच, केस सोनेरी रंगवलेले. ती परी. सुनंदा जंगलराणी. परी जिंकायची आणि जंगलराणी हरायची. लोकांना तेच बघायचं असतं, असं जितेश म्हणायचा, आणि त्याचं खोटं नव्हतं.

सुनंदाचं घर खालापूरच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीत. बाप पोशा मिळेल त्या मजुरीला जायचा, आई मंगळी रानातून भाजी, लाकूडफाटा आणायची. सुनंदा आश्रमशाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेसाठी एका वजनगटात मुलगी कमी पडली, कारण जिचं नाव दिलं होतं तिला ताप आला. खेळाच्या दशरथ सरांनी सुनंदाला दुसऱ्याच मुलीचे बूट घालून उभं केलं. समोरची मुलगी आलीच नाही. कुस्ती न खेळताच सुनंदा तालुक्यात पहिली आली.

जिल्ह्याला मात्र समोर मुलगी होती, आणि ती तालमीत तयार झालेली होती. तिने सुनंदाला बघता बघता चितपट केलं. पाठ मॅटवर, छातीवर दुसऱ्याचं ओझं आणि वर छताचे पंखे. सुनंदाला रडू आलं नाही, पण ते पंखे तिच्या डोक्यातून गेले नाहीत. त्यानंतर ती जीव तोडून शिकली. राज्याला तिसरी आली. गुणांवर पुष्कळदा हरली, पण पाठ पुन्हा कोणी टेकवली नाही. खांदा खाली जायला लागला की तिचं अंग आपोआप उसळायचं. दशरथ सर म्हणायचे, "हिला झोपेतसुद्धा कोणी उताणं पाडू शकणार नाही."

मग बारावी झाली आणि वसतिगृह सुटलं. सरांची बदली झाली. पोलीस भरतीला गेली तर उंचीत बसली नाही. वर्षभर ती वीटभट्टीवर आईबरोबर गेली. तिथेच कोणीतरी तिला जितेशच्या जिमबद्दल सांगितलं.

"कुस्ती येते ना? मग झालं," जितेश म्हणाला होता. "तू फक्त पाठ टेकायची."

पहिल्या शोला तिला ते जमलंच नाही. समोरची मुलगी छातीवर बसली, पंच हार ठरवणारे तीन आकडे मोजायला लागला आणि सुनंदाचा खांदा आपोआप वर आला. तीन वेळा तसंच झालं. लोक हसायला लागले. जितेश कोपऱ्यातून दात-ओठ खात "पड, पड" म्हणत होता. अंगाला हरायला शिकवणं तिला जिंकण्यापेक्षा जड गेलं. पण एकदा शिकल्यावर ती त्या कामात इतकी तयार झाली की तिच्यावर पडलेल्या मुलीला कधी साधा मुका मार बसला नाही. नव्या मुली जितेशला सांगायच्या, आमची कुस्ती सुनंदाताईबरोबर लावा. त्याचा तिला अभिमान होता. हरण्याचा कसा असेल. पण झेलण्याचा होता.

वाडीत तिने एवढंच सांगितलं होतं की, कुस्ती खेळते. घरी गेली की पोशा विचारायचा, "कोण जिकलं?"

"मी."

पोशा मान हलवायचा आणि पुढचं काही विचारायचा नाही.

होळीच्या आधी उल्हास नदीकाठच्या एका रिसॉर्टवर मुंबईच्या एका कंपनीची पार्टी होती. दुपारची वेळ. सुनंदाने स्वयंपाकघराच्या मागे उभं राहून अंगाला काळा रंग फासला, कमरेला प्लास्टिकच्या पानांचा घागरा बांधला, गळ्यात खोट्या हाडांची माळ घातली. बाहेर आली तर समोरून एक माणूस डोक्यावर खुर्च्यांची चळत घेऊन येत होता. तो थांबला.

"सुनंदे?"

तिने आवाजावरूनच ओळखलं. "बा, तू हितं कसा?"

"मुकादमानं आणलं. खुर्च्या लावायला." पोशाने चळत खाली ठेवली. तिच्या पायांपासून वरपर्यंत बघितलं. "ह्ये काय?"

"खेळातलं हाय. सोंग."

"कसलं?"

"जंगलातल्या बाईचं."

पोशाने हाडांच्या माळेला बोट लावून पाहिलं. "आपल्यात कोण घालतं असं?"

"कोण नाय घालत."

"आणि काळा रंग कशाला? तू काळीच हाय."

त्याने हे रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. तिकडून जितेशने हाक मारली.

"तू जा बा. बघत नको थांबू."

"तुझी कुस्ती हाय ना? एकदा तरी बघतो की."

"नको म्हटलं ना."

पोशाने चळत उचलली आणि तो गेला. पण गेला तो रिंगच्याच दिशेने, कारण खुर्च्या तिथेच लावायच्या होत्या.

पोहण्याच्या तलावातून निघालेली माणसं ओल्या पायांनी रिंगवर चढून फोटो काढून गेली होती. कोपऱ्यातला खांबही ओला होता. सुनंदाने जितेशला सांगितलं, "पुसून घे. घसरतंय."

"आता टाइम नाही. साहेब लोक बसलेत. सांभाळून घे, तू आहेस ना."

माइकवरचा माणूस हिंदीतून ओरडत होता, की ही बघा, जंगलातून पकडून आणलेली. सुनंदा ठरल्याप्रमाणे दोरीला दात लावून गुरगुरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या रांगेमागे पोशा उभा होता. तिने तिकडे बघायचं टाळलं, तरी तो तिला दिसत राहिला. तिने भाविकाला दोनदा उचलून टाकल्यासारखं केलं, मग ठरल्याप्रमाणे मार खाल्ला, पडली. भाविका खांबावर चढली, लोकांना हात केला, आणि तिचा पाय निसटला.

ती उडी नव्हती. भाविका डोकं खाली करून येत होती.

बाजूला लोळायला सुनंदाला वेळ होता. अंगाने तर आधीच लोळायला सुरुवात केली होती, जसा पूर्वी खांदा आपोआप वर यायचा तसं. तिने ते थांबवलं. दोन्ही हात वर केले आणि भाविकाचं डोकं छातीशी धरलं. डोकं वाचलं. पण भाविकाचा गुडघा तिच्या उजव्या खांद्यावर, मानेलगत आदळला. तापलेली तार ओढावी तशी एक कळ बोटांपर्यंत गेली. त्यानंतर हात नव्हताच.

पंचाने आकडे मोजले. लोकांनीही त्याच्याबरोबर मोजले. गाणं लागलं.

"ताई, ऊठ," भाविका तिच्या कानाशी म्हणाली. "ताई, काय झालं?"

गाणं संपेपर्यंत जंगलराणीने पडून राहायचं असतं, त्यामुळे कोणी आलं नाही. जितेश माइकवर परीचं नाव घेत होता. पोशा खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. रिंगपाशी त्याने चपला काढल्या आणि तो वर चढला. मळकी बंडी घातलेला म्हातारा रिंगमध्ये आलेला बघून लोकांना वाटलं, हाही खेळातलाच आहे. ते आणखी हसले. कोणीतरी मोबाइल वर धरला.

पोशा तिच्याजवळ उकिडवा बसला. "हात हलव."

"हलत नाय."

"बरं," पोशा म्हणाला आणि तिच्या डोक्याशी बसून राहिला.

पनवेलच्या दवाखान्यात नेताना गाडीत जितेश सारखा मागे वळून बोलत होता. "सुनंदा, ऐक. पायरीवरून पडली असं सांगायचं. नाहीतर पोलीस केस होते. रिसॉर्टवाले परत बोलावणार नाहीत. आणि भाविकाचं नाव येईल त्यात. तिला उगाच त्रास." बाजूला भाविका तोंडाला रुमाल लावून बसली होती. सुनंदाने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी बोटांना टोचून पाहिलं. "कळतंय?"

"नाय."

"कशी पडलीस?"

"पायरीवरून."

"चक्कर आली होती?"

"नाय. पाय घसरला." हे सांगताना तिचं तोंड कडू झालं. आठ-नऊ वर्षांत ती एकच गोष्ट पक्की शिकली होती, पडायचं कसं ते.

"बघून चालायचं ना," डॉक्टर म्हणाले.

पोशा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. डॉक्टर, तलाठी, मास्तर अशा माणसांपुढे तो कधी बोलत नसे. "घसरली नाय ती," तो म्हणाला. "ती पोरगी डोक्यावर येत होती. हिनं झेलली. हिला बाजूला होता आलं असतं. मी बघितलं."

"काका, तुम्हाला लांबून नीट दिसलं नसेल," जितेश म्हणाला.

डॉक्टरांनी तिघांकडे पाहिलं. "काय ते एकच सांगा."

सुनंदाने डोळे मिटले. "पायरी," ती म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर पोशाने खाटेशेजारी जमिनीवर बसकण मारली. मग त्याने हळूच विचारलं, "दर बारीला तूच हरायचीस?"

"व्हय."

"त्येच काम होतं?"

"त्येच."

"बरं," तो म्हणाला.

मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या होत्या. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनचा नंबर लागायला पावसाळा उजाडला. तोपर्यंत उशीर झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. उजवा हात परत आला नाही. तो खांद्यापासून बारीक होत गेला, आणि चालताना तो मधेमधे येई म्हणून मंगळीने जुन्या लुगड्याची पट्टी करून तो गळ्यात बांधून दिला. जितेश एकदा फळं घेऊन आला. पुढे त्याचा फोन लागेनासा झाला.

भातकापणी संपत आली तेव्हा भाविका वाडीवर आली. खाली रस्त्यापर्यंत रिक्षा आणि तिथून वर पायी, त्यामुळे ती धापा टाकत होती. सुनंदा खळ्यावर होती. केस काळे केलेल्या भाविकाला तिने आधी ओळखलंच नाही.

"परीनं केस काळे केले?"

"मी परी नाय आता." भाविका पेंढ्यावर टेकली. "बदलापूरची एक नवीन आलीय, लहान हाय. ती परी. मी जंगलराणी."

सुनंदा तिच्याकडे बघत राहिली. "रंग लावतात?"

"मला जास्त लागतो," भाविका म्हणाली.

दोघींना हसू आलं. ते थोडा वेळ टिकलं.

मंगळीने कोरा चहा आणून दिला. तो पिऊन झाल्यावरही भाविका पेला हातात फिरवत राहिली. "ताई, ती नवी पोरगी खांबावर चढली ना, की मला तो दिवस आठवतो. मला झेलता येत नाय. मी बाजूला होते. दोनदा झाले. तिच्या मनगटाला लागलं."

सुनंदाने डाव्या हाताने तिच्याकडचा पेला घेऊन खाली ठेवला. 

"तू कशी राहिलीस गं तिथं पडून?"

"माहीत नाय," सुनंदा म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. "भीती वाटती ना तुला?"

"लय."

"मग तिला सांग तसं. की मी नाय झेलणार, तू उडी मारू नको. खेळ बिघडला तर बिघडू दे."

"जितेश काढून टाकेल. घरी माझ्यावरच हाय सगळं."

"व्हय," सुनंदा म्हणाली.

भाविका उठली. तिने सुनंदाच्या गळ्यातल्या पट्टीला हात लावला, मग पायवाटेने खाली निघाली. वळणावर तिने मागे पाहिलं की नाही, हे सुनंदाने बघितलं नाही. ऊन कलत होतं आणि झोडलेला पेंढा अजून बांधायचा होता.

तिने दोरी अंथरली. डाव्या हाताने पेंढा कवळ्याकवळ्याने तिच्यावर रचला. भाऱ्यावर गुडघा रोवला, दोरीचं एक टोक दातात धरलं आणि दुसरं डाव्या हाताने ओढलं. दोरी सुटली. पेंढा पसरला. तिने तो पुन्हा गोळा केला.

पलीकडे सूप घेऊन उभा असलेला पोशा मदतीला पुढे आला. त्याने हात पुढे केला. सुनंदाने दातातली दोरी न सोडता त्याच्याकडे पाहिलं. पोशाने हात मागे घेतला आणि गाठ बसेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.