चिमटा

सहदेवने नवी गिटार टेंपोतून उतरवली तेव्हाच हर्षलाचं डोकं फिरलं. लालभडक गिटार, आणि आकार असा की चुलीतला निखारा उचलायचा चिमटा उघडून कुणी त्याला तारा लावाव्यात. पार्टीतल्या पोरांनी तिथल्या तिथे तिचं नाव चिमटा ठेवलं आणि दात काढले. हर्षला हसली नाही. हा चिमटा आपल्याच गळ्यात पडणार, हे तिने सहदेवच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

सहदेवची बेंजो पार्टी कुंभिवलीची. खोपोलीपासून कर्जतपर्यंत हळदीला, गणपतीला तिला बोलावणं असायचं. नाव अजून बेंजोचं, पण बेंजो वाजवणारा गजा, म्हणजे हर्षलाचा बाप, बोटं सुजून घरी बसला त्याला चार वर्षं झाली. बेंजोच्या जागी गिटार आली आणि गजाच्या जागी हर्षला. दिवसा साजगावच्या कारखान्यात खोकी भरायची, संध्याकाळी पार्टीच्या गिटारवर गाणी बसवायची. सगळ्यांच्या पुढे उभं राहायची जागा तिची होती आणि ती काही कुणी तिला ताटात वाढून दिलेली नव्हती. आता सहदेवचा पुतण्या विपुल पनवेलला क्लास करून परतला होता, आणि त्याला नेमकी तीच जागा हवी होती.

सरळ बोलेल तर तो सहदेव कसला. त्याने सगळ्यांसमोर तोंडात साखर घोळवत सांगितलं की कळंबच्या हळदीला दोघांनीही वाजवावं, जो रंग भरेल तो यंदा पुढे उभा राहील. विपुल नवखा, म्हणून त्याला जुनी गिटार. हर्षला मुरलेली, तिला काय अवघड, तिने नवी घ्यावी. हल्ली लोक मोबाईलवर शूटिंग करतात, पार्टी दिसायलाही पाहिजे. हळद रविवारी आहे, तोवर हात कधी बसायचा, असं हर्षलाने विचारलं. त्यावर विपुल हसून म्हणाला, "तारा सहाच हायेत गं. का सातवी दिसतेय तुला?"

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. दिली नाही, याची हळहळ तिला घरी पोचेपर्यंत पुरली.

घरी आल्यावर खरा छळ सुरू झाला. जुनी गिटार मागून खोलगट होती, पोटाशी लागून बसायची, आणि तिचं वरचं शिंगासारखं टोक बरगडीला टेकायचं. चिमट्याला खोलगट पाठ नाही की शिंग नाही. खुर्चीवर बसून मांडीवर ठेवला की घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली. पट्टा लावून उभं राहावं तर डावा हात सोडताच त्याची दांडी जमिनीकडे झुकायची, म्हणजे ज्या हाताने वाजवायचं त्यानेच ओझंही धरायचं. धारदार कड उजव्या हाताला रुतून लाल वळ उठला. आणि सूर तर विचारूच नका. हात सवयीने जायचा तिथे जायचा आणि निघायचं भलतंच काहीतरी, दांडीवरच्या आडव्या पट्ट्या मोजल्या तर दोन पडदे बाजूला. दांडीवरचे हे पडदे आपल्याला पाठ आहेत असं ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती. कसले पाठ? शिंग बरगडीला कुठे टोचतं त्या अंदाजाने हात जागा शोधत होता. आता शिंग नव्हतं आणि दांडी पार डावीकडे सरकली होती. हे ध्यानात आलं तेव्हा तिला सहदेवपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

ओसरीवर बसलेल्या गजाने तेल ओतलं. आमचा बेंजो टेबलावर असायचा म्हणाला, दागिना असल्यागत अंगावर घालून कुणी मिरवत नव्हतं. मग टेबलालाच लेक म्हणा, असं तिने आतून सुनावलं. दोघांनी दोन दिवस एकमेकांशी बोलणं टाकलं.

आई जेवायला हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला हर्षला चिमटा गळ्यात तसाच ठेवून स्वयंपाकघरात आली आणि ताटासमोर रागाने फतकल मारून बसली. बसताना चिमट्याची दोन टोकं उजव्या मांडीच्या दोन बाजूंना गेली आणि मांडी मधल्या खाचेत बसली. दांडी आपोआप वर उचलली गेली, खांद्याजवळ आली. तिने डावा हात सोडला. दांडी झुकली नाही. तिने अंग हलवून पाहिलं, तरी चिमटा जागचा हलेना. दुकानातल्या स्टुलावर बसून ज्यांनी त्याला नावं ठेवली असतील त्यांनी कधी मांडी घालून बसून पाहिलंच नसेल. आई म्हणाली, ताट तरी सरकव, तारा आमटीत जातील.

हर्षलाने आमटी सरकवली आणि तिथेच वाजवायला बसली. पुढचे दिवस तिने जमिनीवरच काढले. बरगडीचा नाद सोडला, दांडी गिटारच्या धडाला मिळते तिथून पडदे नव्याने मोजायला लागली, आणि हात तिथे बसल्यावर पट्टा इतका आखूड केला की उभं राहिल्यावरही चिमटा त्याच उंचीवर, थेट छातीशी यावा. आरशात ध्यान दिसत होतं. दिसू दे, म्हणाली.

कळंबला रविवारी दिवेलागणीला हळद सुरू झाली. विपुल आधी उभा राहिला. वाईट वाजवलं म्हणणं खोटं ठरेल. बोटं स्वच्छ, सूर नेमका, पण बायका खुर्च्यांवर बसून राहिल्या आणि मुलं आइस्क्रीमकडे वळली. मग हर्षला पुढे आली. पहिल्याच गाण्यात तिचा एक सूर घसरला आणि मागे विपुल मोठ्याने हसला. त्या हसण्याने ती पेटली. तिने दुसरं गाणं असं काही उचललं की नवरीच्या मावश्या हळदीच्या हातांनीच नाचायला उठल्या. शूटिंगसाठी मोबाईल उंचावले गेले. तिसऱ्या गाण्याला मांडवात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कोण पुढे उभं राहणार, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

गाणं थांबलं तसं सहदेवने तिला स्पीकरच्या आडोशाला बोलावलं. चांगलं वाजवलंस म्हणाला. मग म्हणाला की लोकांना चिमटा आवडलाय, तर आता तो विपुलला दे, तू आपली जुनी घेऊन मागे उभी राहा. ठरलं काय होतं, असं तिने विचारलं. तो इकडेतिकडे बघायला लागला, लोक गिटारचा आकार बघून जमले म्हणाला.

"काका, तुमाला गिटार बदलायचीच नव्हती," हर्षला म्हणाली. "मानूस बदलायचा होता. तसं तोंडानं बोला की."

सहदेवचा चेहरा कडक झाला. "बरं, बोलतो. पोरगी पुढं नको. भावकीत मला इचारतात, तुज्या घरात पोरगा नाय का म्हनून."

हे तिला आधीपासून माहीत होतं. तरी कानांनी ऐकणं वेगळं. चार वर्षं ती सूर सुधारत राहिली होती, गिटार कुठली का असेना त्यावर हात बसवत राहिली होती, आणि या माणसाच्या लेखी त्यातलं काहीच मोजण्यासारखं नव्हतं. त्याचा तिला भयंकर संताप आला. उद्यापासून या पार्टीत आपल्याला जागा नाही, हेही तिला तिथेच कळलं.

मांडवातून नवरीची आई ओरडत होती की गाणं का थांबलं, हळद कांडायला मुसळं धरून बायका उभ्या, घाणा भरायचा खोळंबलाय. सहदेवने चिमट्यासाठी हात पुढे केला. विपुल पट्टा घ्यायला दोन पावलं पुढे आलाच होता.

हर्षला त्यांच्या मधून सरळ स्टेजच्या पुढच्या कडेला गेली आणि माइकसमोर मांडी घालून खाली बसली. चिमट्याची खाच मांडीवर घट्ट बसली. आता तो काढून घ्यायचा तर भर मांडवात तिच्यासकट उचलावा लागला असता. नवरीकडच्या बायका बघत होत्या. "दे म्हनतो ना," सहदेव दातओठ खात पुटपुटला. तिने मान वर केली नाही आणि घाण्याचं गाणं सुरू केलं.

सहदेव पुढे केलेला हात तसाच धरून क्षणभर उभा राहिला. मग ढोलवाल्याची लय चुकायला लागली, तसा त्याने त्याच हाताने त्याला ठेका द्यायला सुरुवात केली.