पिंपळाला हिंग

पारसने हिंगाचा डबा उघडला, पितळी बत्त्याने खड्याचा एक तुकडा तोडला, छोट्या तराजूत टाकला आणि गिरिजाबाईंकडे पाहिलं.

"बस का?"

गिरिजाबाईंचा हात काउंटरच्या कडेला गेला आणि तिथे घट्ट आवळला. दर आठवड्याला हे असंच व्हायचं. मग त्या कुठूनतरी लांबून बोलल्यासारखं म्हणाल्या, "आजून एक."

पारसने आणखी एक खडा टाकला. "बस का?" हा त्याचा प्रश्न काही खास नव्हता. साखर असो, चहापत्ती असो, नाहीतर पाव किलो शेंगदाणे असोत, माल तराजूत पडला की तोंडातून हे दोन शब्द पडायचेच. वडील बजरंगलालही असंच विचारायचे. हसनाबादच्या पेठेत मोठमोठी दुकानं झाल्यापासून या जुन्या किराण्याला कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं, आणि जे विचारायला यायचे ते मात्र हिंगासाठीच. अस्सल हिरा हिंग हवा तर पारसकडे, हे आसपासच्या चार-पाच गावांना ठाऊक होतं. पिठात आणि डिंकात बांधलेला रोजचा हिंगही तो स्वतःच मागच्या खोलीत बनवायचा. कांदा-लसूण न खाणारं घर, त्यामुळे हिंगाच्या बाबतीत त्याचं नाक भलतंच तिखट होतं, आणि त्याचा त्याला गर्वही होता.

"मावशी," पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "पोट एवढं दुखून राह्यलं तर डॉक्टरला दाखवा ना. इतका हिंग पोटात गेला तर दुखायला पोटच राहणार न्हाई."

गिरिजाबाई हसल्या नाहीत. पुडी त्यांनी पदराच्या टोकात बांधली.

"जुनं दुखणं हाये, शेठ. यानंच थांबंल."

त्या गेल्यावर पारस बराच वेळ बोटांचा वास घेत बसला. हा पाचवा आठवडा होता. घरात माणसं दोन, गिरिजाबाई आणि त्यांचे मालक सर्जेराव, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. एवढा हिंग त्यांच्या चुलीला दोन वर्षं पुरला असता.

रविवारी गुरुजींनी मागवलेला तेलाचा डबा घेऊन पारस स्वतःच स्कूटरवर गेला. एरवी तो असली हमाली करत नसे. गुरुजींचं घर विहाराला लागून, आणि दोन्हींच्या मध्ये तो पिंपळ. गुरुजींच्या वडिलांनी दीक्षा घेऊन आल्यावर लावलेला. आता दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा झालेला, भोवती दगडी पार. सकाळी गुरुजी तिथेच बसून वंदना म्हणायचे. त्या झाडाची फांदी तोडायची तरी वस्तीत आधी चर्चा व्हायची.

डबा ओट्यावर ठेवून परत फिरताना पारसच्या नाकाने त्याला थांबवलं. हिंग. आणि त्याच्याच डब्यातला. तो पाराला वळसा घालून मागच्या बाजूला गेला. गुडघ्याएवढ्या उंचीवर बुंध्याला बोटभर रुंद भोक होतं, ओल्या मातीने बुजवलेलं. नखाने माती खरवडली तशी आतून वासाची झुळूक तोंडावर आली. भोकाच्या खालच्या सालीवर पांढरा चीक ओघळून वाळला होता.

बुंध्यात हिंग भरला की झाड वाळतं, असं आपल्याकडे सगळे सांगतात. वाळलेलं झाड मात्र कोणी दाखवत नाही. पण सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवायला माणसाला कारण लागतं, आणि गिरिजाबाईंना ते होतं. गेल्या वैशाखात, बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांचा धम्मपाल याच झाडावरून पडून गेला होता. जालन्याच्या कारखान्यात कामाला असलेला सव्वीस वर्षांचा पोरगा, सुट्टी काढून आलेला, पंचशील पताका बांधायला चढलेला. शेंड्याकडची फांदी मोडली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पारसने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं.

त्याने माती पुन्हा भोकात दाबली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, असं चोरासारखं इकडेतिकडे बघितलं.

घरी जेवताना त्याने बायकोला, कनिकाला सांगितलं.

"तो मत दो उनको," ती पटकन म्हणाली.

"न्हाई दिला तर दुसरीकडून घेतील. न्हाईतर ॲसिड आणतील."

कनिकाने त्याच्या ताटाकडे पाहिलं. त्या दिवशी अष्टमी होती. ताटात डाळ आणि पापडाची भाजी होती. तिथीला पालेभाजीचं एक पानसुद्धा न खाणारं हे घर, आणि या घरातला हिंग एवढ्या मोठ्या जिवाच्या मुळावर चाललेला.

"आणि खोटा माल दिला," पारस म्हणाला, "तर तेही पापच."

"मग जे लहान पाप असेल ते करा," कनिका म्हणाली आणि पोळी आणायला उठली.

दोन दिवस त्याने मागच्या खोलीत खपून खडे बनवले. डिंक आणि पीठ, रंग यायला थोडी हळद आणि गूळ, आणि वरून नाकाला फसवण्यापुरतं हिंगाचं पाणी. आयुष्यात पहिल्यांदा तो असला माल बनवत होता आणि बनवताना मागच्या खोलीचं दार त्याने लावून घेतलं होतं. पुढच्या बाजारी गिरिजाबाई आल्या तेव्हा त्याने ते खडे तराजूत टाकले. पैसेही पिठाचेच घेतले. म्हणाला, भाव उतरला.

"बस का?"

"आजून एक."

त्यांनी वास घेतला नाही, भावाबद्दलही काही विचारलं नाही. त्याला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

फाल्गुन लागला. एका बाजारी गिरिजाबाई आल्या त्या जराशा सैलावलेल्या. डोळ्यांखालचं काळं उतरलेलं. "चार दिवस झोप लागून राह्यली, शेठ," त्या आपणहून म्हणाल्या. दुपारी दुकान कनिकावर टाकून पारस विहाराकडे गेला, आणि कोपऱ्यावरूनच त्याला दिसलं, पिंपळ जवळजवळ उघडा पडला होता. पारावर, रस्त्यावर, गुरुजींच्या पत्र्यावर पिवळी पानं पसरलेली. पिंपळ दर फाल्गुनात गळतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या क्षणी त्याला वाटलं, आपल्या पिठानेच हे मेलं.

गिरिजाबाई पारावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. त्याला पाहून त्या दचकल्या नाहीत.

"पाह्यलं का? गळून राह्यलं."

पारस पाराच्या कडेला टेकला. "मावशी, भोक मी पाह्यलं होतं. माघातच."

त्यांनी मान हलवली. जणू हे त्यांना ठाऊकच होतं, किंवा ठाऊक असण्या-नसण्याला आता काही अर्थ नव्हता.

"धम्मपालच्याच पेटीतलं गिरमीट घेतलं," त्या म्हणाल्या. "गुरुजी शिबिराला गेल्ते तवा. दम लागला, पण भोक पाडलं."

"झाडाचा काय कसूर, मावशी?"

"झाडाचा न्हाईच."

ऊन कडक होतं आणि वारा बिलकुल नव्हता. गिरिजाबाईंनी मान वर केली. मग एवढे महिने गिळलेलं त्या सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलल्या.

"पताकांच्या माळा मी खालून देत होते. त्यो वर बांधत होता. उन्हानं लाल झाल्ता. वरून म्हणला, 'बस का, आई?' माह्या हातात एकच माळ राह्यल्ती. तिकडची फांदी बोडकी दिसून राह्यल्ती. म्या म्हणलं, 'आजून एक.'"

पारसने खाली पाहिलं. त्याच्या चपलेखाली एक पान चुरलं होतं.

"पिंपळाला वारा लागत न्हाई, शेठ. वारा नसला तरी पानं वाजतात. घरात बसले तरी आयकू येतं. 'बस का, आई? बस का?' गुरुजींना सांगितलं तर ते म्हणतात, पानं हायेत, गिरिजा. मलाबी माहीत हाये पानं हायेत." त्या थांबल्या. "आता गप झालंय."

शेंड्याला चार-दोन पानं अजून उरली होती. बोलणं थांबल्यावर त्यांची टिकटिक पारसला ऐकू आली, आणि कधी नव्हे ते उन्हात बसून त्याच्या अंगावर काटा आला. पानांचा नव्हे, स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता. दर बाजारी, तराजू हातात धरून, तोंडावर हसू ठेवून, तो या बाईला तेच विचारत आला होता. आणि ती दर वेळी तेच उत्तर देत आली होती. तो "येतो, मावशी" एवढंच म्हणाला आणि स्कूटर ढकलतच कोपऱ्यापर्यंत नेली.

त्या दिवसापासून ते दोन शब्द त्याने टाकून दिले. सोपं नव्हतं. माल तराजूत पडला की जीभ आपोआप उचलली जायची आणि तो ती दाताखाली धरायचा. "शेठ मौनात गेले की काय?" म्हणून तातेराव शिंप्याने टर उडवली. पारस फक्त बोटाने विचारायचा, एवढं पुरे?

चैत्रात एका सकाळी पेठेतूनच त्याला विहारामागचा शेंडा दिसला. तांबूस, ओल्यासारखा चमकणारा. पिंपळाला पालवी फुटली होती आणि असली फुटली होती की बघत राहावं. पारसला आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. त्या बाजारी गिरिजाबाई आल्या नाहीत. पुढच्या बाजारीही नाहीत. गुरुजींना विचारावं तर काय विचारावं? दुकानात बसल्या बसल्या कोणी चढ्या आवाजात बोललं तरी तो रस्त्याकडे बघायचा. कनिकाने त्याला दोनदा सांगितलं, जाऊन या. त्याचा पाय निघाला नाही.

तिसऱ्या बाजारी भर दुपारी त्या आल्या. वाळल्या होत्या. डोळ्यांखालचं काळं परत आलं होतं. हातात नेहमीची कापडी पिशवी.

"हिंग," त्या म्हणाल्या.

पारसने वेगळा ठेवलेला डबा काढला. खडा तोडला, तराजूत टाकला. दुसराही आपणहूनच टाकला, आणि गप्प राहिला.

गिरिजाबाईंनी पारड्यातला एक खडा उचलून नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"ह्यात हिंग न्हाई, शेठ."

डब्याचं झाकण लावायला पारसचा हात पुढे झाला.

"भोक चिकानं भरून आलंय," त्या म्हणाल्या, "आत काही जाईना. म्हून उरलेला घरी आणला, वरणाला घातला. गुरुजी म्हणले, आज फोडणीला वासच न्हाई."

"माफ करा, मावशी. मी जाणूनबुजून..."

"ते समजलं मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "सगळीकडून पानं आलीत. बोडक्या फांदीलाबी. पुन्हा वाजून राह्यलीत."

पारसने मागच्या फळीकडे पाहिलं. खरा हिंग मागतील का? मागितला तर देऊ का? पाठीमागे अस्सल हिंगाचा डबा होता आणि आत्ता त्यांनी हात पुढे केला असता तर बहुधा त्याने तो तसाच्या तसा देऊन टाकला असता.

"तुमी इचारलं न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या.

"काय?"

"तराजूत टाकल्यावर इचारता ते. समद्यायला इचारता."

"नको, मावशी."

"इचारा."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो पुरता लांब जाईपर्यंत त्या थांबल्या, तशा थांबूनच राहिल्या. पारसने तराजू वर उचलला, कारण तराजू हातात असल्याशिवाय ते शब्द त्याच्या तोंडातून कधी निघालेच नव्हते.

"बस का?"

गिरिजाबाईंचा हात काउंटरच्या कडेवर आला, पण आवळला नाही. त्या पारसकडे पाहत नव्हत्या. त्याच्या डोक्याच्या वर, सगळ्यात उंच फळीच्याही वर कुठेतरी पाहत होत्या, उन्हात डोळे बारीक करावेत तसे बारीक करून.

"बस, बाळा," त्या म्हणाल्या. "बस. उतर आता."

मग त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली आणि पायरी उतरून उन्हात गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत पारसने तराजू तसाच हातात धरून ठेवला, पारडं हलू न देता.